टाचेखालचे नऊ मिलिमीटर

बुटात टाचेखाली घालायचे सिलिकॉनचे हील कप पाकिटातून काढले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे त्यांना व्हर्नियर लावला. सवयच तशी झाली आहे. सव्वीस वर्षं लेथवर उभा राहतोय. हातात काहीही आलं की त्याची जाडी किती, डाया किती, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मऊ वस्तूत व्हर्नियरचे जबडे रुततात, म्हणून अलगद टेकवून वाचावं लागतं. टाचेच्या बरोबर मध्यावर, जिथे निळा मऊ ठिपका असतो तिथे, जाडी भरली 9 मिलिमीटर. कडेला 3. उजव्या-डाव्या कपात फरक दोन दशांशाचा. एवढ्या वस्तूला तो चालून जातो.

हे कप, नंतर घेतलेला नाइट स्प्लिंट (रात्री पायाला बांधून झोपायचा आधार), वाया गेलेले मापाचे इनसोल (बुटाच्या आत घालायचे तळ) आणि एका फिजिओथेरपिस्ट मॅडमची ट्रीटमेंट, असा अकरा महिन्यांचा हिशेब इथे मांडतोय. टाच दुखायला लागली तेव्हा मीही रात्री जागून लोकांचे अनुभव वाचत बसायचो. बहुतेकांनी चौथ्या दिवशीच ‘फार छान वस्तू आहे’ असं लिहून हात झटकलेले. चौथ्या दिवशी टाचेबद्दल कुणालाच काही कळलेलं नसतं.

माझं दुखणं असं होतं. सकाळी पलंगावरून उजवा पाय खाली टेकवला की टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला आणि जरा पुढे, खिळा घुसल्यासारखी कळ. भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायचो. दहा-पंधरा पावलं झाली की सैल पडायचं आणि वाटायचं, चला, गेलं. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाकावर बसून उठलो की पहिले पाढे पंचावन्न. शिफ्ट संपताना कळ नसायची, पण टाचेत एक जड ठणका बसलेला असायचा. वजन 82 किलो, काम आठ तास उभ्याने, खाली काँक्रीट, पायात स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज. आता विचार केला तर टाच एवढी वर्षं गप्प कशी बसली याचंच नवल वाटतं.

दीड महिना अंगावर काढलं. मग डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे निघाला, आणि त्यात टाचेच्या हाडाला खालून पुढे आलेलं काट्यासारखं टोक दिसलं. ‘हाड वाढलंय’ हे शब्द ऐकले आणि माझ्या डोक्यात लगेच आमचं वर्कशॉप आलं. जॉबच्या कडेला बारीक टोक राहिलं तर आम्ही फाइल मारून ते काढून टाकतो. हेही तसंच घासून टाका म्हटलं, विषय संपला! डॉक्टर हसले. म्हणाले, डाव्या पायाचाही फोटो काढून बघू. काढला. डाव्या टाचेलाही तसंच टोक, उलट किंचित मोठं. आणि डावी टाच आयुष्यात एक दिवस दुखली नव्हती.

त्या दोन फोटोंनी माझा बराच खर्च वाचवला असं मी मानतो. टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते टोक असतं, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांना ते नसतंच. दुखतो तो पायाच्या तळव्यातला पट्टा. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. टाचेच्या हाडापासून निघून पाचही बोटांच्या मुळापर्यंत जाणारा, जाड, फारसा न ताणला जाणारा. स्वतःचा बघायचा असेल तर खुर्चीत बसून एक पाय मांडीवर घ्या, एका हाताचा अंगठा तळव्याच्या खोलगट भागात दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने पायाचा अंगठा मागे, नडगीकडे ओढा. बोटाखाली दोरीसारखं काहीतरी ताठ होतं ते हेच. चालताना टाच उचलली की बोटं वाकतात, पट्टा बोटांच्या सांध्याखालून ओढला जातो, रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा, आणि पायाची कमान वर उचलली जाते. हिक्स नावाच्या संशोधकाने 1954 साली ही यंत्रणा मांडली. मला ती वाचून फार आनंद झाला. स्वतःच्या पायात विंच बसवलेला आहे हे पन्नाशीला आल्यावर कळलं!

रात्री झोपेत पंजा खाली झुकलेला असतो, म्हणजे पट्टा आखडलेल्या स्थितीत सात तास पडून राहतो. सकाळी पहिल्या पावलाला 82 किलो एकदम त्यावर येतात. ती कळ तिथली.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. मी धरून चाललो होतो की ही सूज आहे, गोळी घ्यायची, बर्फ लावायचा, उतरेल. 2003 साली अशाच जुनाट टाचदुखीच्या 50 शस्त्रक्रियांमधले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेले प्रसिद्ध झाले. त्यात सुजेपेक्षा पट्ट्याच्या धाग्यांची झीज, विस्कटलेपण जास्त दिसलं. धातूच्या भाषेत ज्याला आम्ही फटीग म्हणतो, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून धातू कमजोर होणं, त्याच्या जवळचं काहीतरी. मात्र फटीग झालेला शाफ्ट भंगारात जातो, जिवंत पट्टा पुन्हा घट्ट होऊ शकतो. हे मला कळायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत मी वस्तू विकत घेत सुटलो.

तर कप.

पहिल्या दिवशी ते बुटात नुसते टाकले आणि कामावर गेलो. चहाच्या सुट्टीपर्यंत उजवा कप सरकत सरकत पायाच्या मध्यापर्यंत आला होता. दुसरं म्हणजे टाच 9 मिलिमीटर वर उचलली गेल्याने बुटाची मागची भिंत तेवढीच उथळ झाली. टाच प्रत्येक पावलाला बाहेर येऊ पाहायची आणि पाऊल पुढे घसरून बोटं स्टीलच्या टोपीला टेकायची. टाचेचं दुखणं अंगठ्याला गेलं. बुटातला मूळ इनसोल उचलून कप त्याच्या खाली बसवला तेव्हा हे थांबलं. कप हलत नाही, घाम थेट लागत नाही, आणि इनसोल दाबून बसल्यामुळे उंचीही थोडी कमी होते. पाकिटावर हे कुठेही लिहिलेलं नाही. पाकिटावर एक बाई उड्या मारताना दाखवली आहे.

दुखतो एकच पाय, तरी कप दोन्ही बुटांत घालायचे. मी शहाणपणा करून आठवडाभर एकच घातला आणि कंबर धरली.

फरक पडला का? पडला, हो. पहिल्याच आठवड्यात शिफ्टच्या शेवटचा ठणका निम्म्यावर आला. कप दोन कामं करतो. टाचेखाली निसर्गाने दिलेली चरबीची गादी असते, ती वजनाखाली बाजूला पसरते. कपाच्या उभ्या कडा तिला आवळून टाचेखालीच धरून ठेवतात. आणि टाच जराशी वर राहिल्याने पोटरीची ओढ थोडी सैल होते. ज्यांची कळ टाचेच्या अगदी मध्यावर असते, कडक फरशीवर अनवाणी चाललं की खाली दगड असल्यासारखं वाटतं, त्यांची बहुधा ती गादीच पातळ झालेली असते. अशांना कप माझ्यापेक्षा जास्त मानवेल. माझ्या सकाळच्या कळीवर मात्र त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही. होणार कसा? कप बुटात, मी पलंगावर.

टिकाऊपणाचं सांगतो, कारण ते कुणीच सांगत नाही. मी दोन प्रकारचे कप वापरले. पहिली जोडी दिसायला सिलिकॉन, पण सहा आठवड्यांत मध्यावरची जाडी 9 वरून 6 च्या खाली आली आणि कप बशीसारखा पसरला. दुसरी जोडी घेताना अंगठ्याने जोरात दाबून सोडलं, खळगा लगेच भरून येतो का ते पाहिलं, आणि कड दुमडून बघितली. पाच महिन्यांनी ती मोजली तेव्हा 8.4 होती. मधे एकदा लेथवरची चिप, म्हणजे कापलेल्या धातूची कातरण, निळी पडलेली, स्प्रिंगसारखी वळलेली, कशी कोण जाणे बुटात शिरली आणि कपात रुतून बसली. चिमट्याने ओढून काढली तर सिलिकॉनला जी चीर पडली ती रोज थोडी वाढत गेली. म्हणजे चीर पडली की बदला, चिकटवायला जाऊ नका. फेविक्विकने तिथे खड्याएवढी कडक गाठ होते आणि ती नेमकी टाचेखाली येते. स्वानुभव. आठवड्यातून एकदा साबणाने धुवायचे, सावलीत वाळवायचे. धुतले नाहीत तर मोज्याची लव चिकटून महिन्याभरात ते केसाळ दिसायला लागतात.

कपांना माझे पाचपैकी साडेतीन.

मापाच्या इनसोलबद्दल थोडक्यात आटपतो, कारण आठवलं की अजून डोकं फिरतं. एका दुकानात पायाचा दाब मोजायचं मशीन होतं. त्यावर उभा राहिलो, पडद्यावर दोन्ही पावलं रंगीत उमटली आणि टाचा लालभडक. विक्रेता लाल रंगावर पेन टेकवून म्हणाला, ‘बघा, किती प्रेशर येतंय!’ मी घाबरलो, ऑर्डर दिली. अहो, माणूस उभा राहिला की टाचेवर वजन येणारच, लाल तिथे नाही दिसणार तर कुठे दिसणार? नंतर मुलीला तिथे उभं करून पाहायला हवं होतं असं वाटलं. तिच्याही टाचा लालच आल्या असत्या. पंधरा दिवसांनी इनसोल आले ते कडक प्लॅस्टिकचे, आणि सेफ्टी शूजमध्ये गेलेच नाहीत. परत घेणार नाही म्हणाले. त्या पैशांत कपांच्या नऊ-दहा जोड्या आल्या असत्या.

पुढे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. 236 रुग्ण, पाच गट, सगळ्यांना ताण देण्याचे व्यायाम सारखेच. आठ आठवड्यांनी तयार सिलिकॉनचा इनसर्ट वापरणाऱ्यांपैकी 95 टक्के सुधारले, नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी 72 टक्के, आणि मापाचे कडक इनसोल वापरणाऱ्यांपैकी 68 टक्के. ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसलो. ज्यांच्या पायाची ठेवण खरोखर वेगळी आहे, मधुमेहामुळे तळव्याची संवेदना गेली आहे, त्यांना मापाचे लागतात. त्यांनी माझ्या रागावर जाऊ नये. पण ते कुणीतरी पाय हातात घेऊन, तपासून सांगितलेलं असावं.

आता नाइट स्प्लिंट. ही वस्तू मला आवडत नाही आणि तरी मी ती घ्या म्हणून सांगेन. प्लॅस्टिकचा अर्धा बूट, मागून पोटरीला आणि खालून तळव्याला टेकणारा, तीन वेल्क्रो पट्टे. पाऊल नडगीशी काटकोनात, 90 अंशांवर धरून ठेवायचं, म्हणजे रात्री पट्टा आखडत नाही. कल्पना साधी आहे. झोपणं साधं नाही. पहिल्या रात्री दोन वाजता बोटं बधिर झाल्याने जाग आली. दुसऱ्या रात्री पांघरूण वेल्क्रोत अडकलं. तिसऱ्या रात्री कूस बदलताना तो बूट बायकोच्या नडगीवर बसला आणि ती अंधारातच म्हणाली, ‘अहो, एक तर तो तरी झोपेल इथे नाहीतर मी.’

मी पंजाखाली दिलेली फोमची पाचर काढून टाकली. ती लावली की बोटं काटकोनाच्याही वर ओढली जातात, सुरुवातीला ते झेपत नाही. वरचा पट्टा एक बोट आत जाईल एवढा सैल केला आणि पायात पातळ मोजा घातला. मग आठवड्यातल्या सातपैकी चार-पाच रात्री निभावायला लागलं. दहाव्या दिवशी सकाळी स्प्लिंट काढून पाय टेकवला, खिळा होता, पण बोथट झालेला. सकाळच्या पहिल्या पावलावर परिणाम करणारी ही माझ्या हाताला लागलेली पहिली वस्तू. ती घालून चालायचं नाही. रात्री उठलात तर काढा. प्लॅस्टिकचा तळ गुळगुळीत फरशीवर बर्फासारखा सरकतो, मी दाराची कडी धरली म्हणून वाचलो. दोन महिने वापरला, मग गरज उरली नाही. एक तक्रार: पोटरीला टेकणारं अस्तर सुटं होत नाही, आणि घामाचा वास धुऊन निघत नाही.

गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवणं सुखाचं आहे, दहा मिनिटं बरं वाटतं, तेवढंच. जेल आणि स्प्रे यांचा वास छान होता.

इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांनी स्वतःहून सांगितला आणि स्वतःहूनच त्याची दुसरी बाजूही सांगितली. स्टेरॉइडने काही आठवडे चांगला आराम पडू शकतो, पण त्याने पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबी झिजण्याचा धोका असतो. मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणाला उद्या लग्नघरात उभं राहायचं असेल तर तो वेगळा विचार करेल, त्याला मी नावं ठेवणार नाही. टाचदुखीच्या दहापैकी आठ-नऊ जणांना शस्त्रक्रियेशिवाय वर्षभरात बरं वाटतं, हेही त्यांनीच सांगितलं. त्या वेळी ‘वर्षभर’ हा शब्द मला शिक्षेसारखा वाटला होता.

फिजिओथेरपीला मी सगळ्यात शेवटी गेलो. तिथे शेक देतात आणि मशीन लावतात, एवढीच माझी समजूत होती. या मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं त्यांनी कुठलंही मशीन लावलं नाही. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली, हाडाला बारीक तडा असेल तर तिथे दुखतं म्हणून. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने टकटक केलं, पायात मुंग्या जातात का विचारलं. ती नस दबल्याची खूण. दोन्ही टाचा दुखतात का, सकाळी कंबर किती वेळ आखडलेली असते, साखर तपासली आहे का, हे विचारून घेतलं. मग अंगठा मागे ओढून पट्ट्याच्या मुळाशी बरोबर तिथे बोट दाबलं, आणि मी टेबलावरून अर्धा उठलो. ‘सापडलं, काका,’ म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याने मी त्यांचा झालो. भिंतीसमोर उभं केलं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगितला, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते टेपने मोजलं. डावा 9 सेंटिमीटर, उजवा 5. वहीत लिहिलं, तारीख घातली. आजवर माझ्या पायाचं कुणी माप घेतलं नव्हतं, सगळे नुसते बघत होते. उजव्या पोटरीचा ताठरपणा घोट्याला वाकू देत नाही, त्याची भरपाई तळवा करतो, असा एकंदर हिशेब होता.

त्यांनी दोनच गोष्टी करायला दिल्या. पहिली, पलंगावरून उतरायच्या आधी: पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरी म्हणजे खरं औषध. जिन्याच्या पायरीवर पंजा टेकवायचा, टाच बाहेर अधांतरी, आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतात आणि तो विंच ताठ होतो. मग तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे वरच थांबायचं, तीन आकड्यांत खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या. एका पायावर जमेना तेव्हा आधी दोन्ही पायांवर. जमायला लागलं की पाठीवर दप्तर, दप्तरात पुस्तकं, वजन वाढेल तशी संख्या कमी आणि फेऱ्या जास्त. डेन्मार्कमधल्या 48 जणांच्या एका चाचणीत हीच पद्धत वापरली होती. तीन महिन्यांनी ती नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा सरस ठरली, वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारखेच. मॅडमनी हे शेवटचं वाक्य लपवलं नाही. ‘म्हणजे लवकर बरे व्हाल, काका, जास्त बरे नाही,’ एवढंच म्हणाल्या.

एक दिवसाआड करा, हेही बजावलं होतं. मला वाटलं एक दिवसाआडने गुण येतो तर रोज केल्यावर दुप्पट येईल. नवव्या दिवशी पुन्हा भिंत धरून बाथरूमला. फोन केला तर त्या ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, ‘काका, मशीनला मेंटेनन्सचा दिवस देता की नाही?’ धंद्यावरून बोललेलं मला लागतं.

या सेवेत नावं ठेवायला जागा आहेच. वेळ घेऊन गेलं तरी अर्धा तास बाहेर बसावं लागतं, आणि बसायच्या खुर्च्या अशा कडक की टाचेसाठी आलेला माणूस कंबर घेऊन जावा. दोनदा त्यांच्या साहाय्यकाने मला दुसऱ्याच कुणाचा गुडघ्याचा व्यायाम करायला लावला. मधे त्यांनी तळव्याला टेप लावून दिली, ती आठवड्याभराचं काम सोपं करते हे खरं, पण माझ्यासारख्या घामट पायावर दुसऱ्या दिवशी दुपारी सुटून मोज्यात तिची गोळी होते.

आणि आता माझी चूक. कप आणि स्प्लिंटचे गोडवे मी वर्कशॉपभर गात होतो. आमच्यातला एक पोरगा, वय 29, म्हणाला, ‘भाऊ, माझ्यापण टाचा दुखतात.’ मी ऐटीत त्याला कप आणून दिले. त्याच्या दोन्ही टाचा दुखत होत्या, आणि सकाळी कंबर तासभर आखडलेली असायची, हे मी विचारलंच नाही. तीन महिने तो माझ्या भरवशावर कप घालून फिरला. शेवटी मॅडमकडे पाठवला, त्यांनी लगेच संधिवाताच्या डॉक्टरांकडे धाडला, रक्त तपासलं, मणक्याचे फोटो निघाले, आणि ते अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, निघालं. त्याचं औषध वेगळं, आणि लवकर सुरू केलेलं बरं असतं. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण कप परत आणून माझ्या टूलबॉक्सवर ठेवले. तेव्हापासून कुणी टाच म्हटलं की मी आधी विचारतो: एक की दोन? विश्रांती घेतल्यावरही, रात्री पडल्या पडल्याही दुखतं का? पडलात, उडी मारलीत, फट असा आवाज येऊन तळवा काळानिळा झाला का? बधिरपणा? मधुमेह? यातल्या एकालाही हो असेल तर वस्तू विकत घ्यायच्या आधी डॉक्टर. वाढत्या वयाच्या मुलांची टाच खेळून दुखते तेही प्रकरण निराळं, तिथे टाचेच्या हाडाची वाढीची जागा दुखत असते. दहा-बारा वर्षांच्या पोराला माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाचा सल्ला लावू नका.

आजची स्थिती. भिंतीपासूनचं माप उजव्या पायाचं 8.5 सेंटिमीटर. सकाळची कळ सातव्या महिन्यात गेली. नेमकी कधी ते सांगता येत नाही, एक दिवस बाथरूममध्ये पोचल्यावर लक्षात आलं की भिंत धरली नव्हती. डबल शिफ्ट झाली तर संध्याकाळी थोडा ठणका येतो. मापाचे इनसोल माळ्यावर आहेत. स्प्लिंट बायकोने स्वतःच्या हाताने पिशवीत भरून ठेवलाय, कुणाला हवा असेल तर अस्तराच्या वासासकट न्यावा. पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहे, दप्तरात सध्या मुलीच्या इंजिनिअरिंगची पुस्तकं.

कपांची तिसरी जोडी परवाच आणली. मध्यावर जाडी 9.1 भरली. खालच्या बाजूला मार्करने तारीख लिहून बुटात बसवली आहे.